खराब, पण ठेवणे

दुपारी सव्वातीनला, चहा यायच्या जरा आधी, तिला पडद्यावर आपलंच बोट दिसलं. बोट म्हणजे बोटाचा ठसा. आईच्या गालावर, डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठाच्या टोकापर्यंत तो पसरला होता. चारशे टक्के मोठा केल्यावर त्याच्या रेषा नांगरलेल्या शेतासारख्या ओळीने उठल्या होत्या आणि त्या ओळींना मधूनच कापत एक बारीक कोरी रेघ तिरकी गेली होती. ती रेघ बघितल्याबरोबर तिने हातातलं पेन खाली ठेवलं आणि उजवा हात टेबलाखाली नेला. खोलीत कोणी नव्हतं. समोर होती ती फक्त आई, तीही चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची, आणि तिचे डोळे भलतीकडेच लागलेले. तरी हात खाली गेलाच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. पाच वर्षांची असताना डब्याच्या झाकणाने तिची तर्जनी कापली होती, चांगली हाडापर्यंत. पेरावर त्याचा वण अजून आहे, थंडीत तो पांढरा पडतो. टेबलाखाली अंगठ्याने तिने तो वण चाचपला. तो होता तिथेच होता. तो कुठे जाणार?

दुकानाच्या मागची ही खोली एकोणीस वर्षं तिची आहे. पुढे मालक बसतो, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो, पासपोर्टचे फोटो काढतो, लहान पोरांना हसवतो. मागे ती. भिंतींना राखाडी रंग दिलाय, कारण रंगीत भिंतीचा उजेड पडद्यावर पडला की डोळे फसतात. मालक म्हणतो, "ताई, तुमच्या खोलीत माणूस दोन तास बसला तर काळा-पांढरा होऊन बाहेर येईल." तो हे दर महिन्याला एकदा म्हणतो आणि ती दर महिन्याला हसते. लोक जुन्या निगेटिव्ह घेऊन येतात. पाण्यात भिजलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, बुरशीची जाळी चढलेल्या. ती पाकीट उघडून आधी वास घेते. फिल्म सडायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो, आणि तो आला की त्या पाकिटाचा नंबर आधी. मग सुती हातमोजे, मऊ ब्रश, हवेचा फुगा, मग स्कॅनर, आणि मग ते खरं काम, जे कोणालाही दिसत नाही. रंगीत फिल्म असली की स्कॅनर धूळ आपला आपण ओळखून काढतो. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते आणि यंत्र त्या चांदीलाच धूळ समजतं. एकदा ती रजेवर असताना मालकाने ते धूळ काढायचं बटण चालू ठेवून एक अख्खं कुटुंब स्कॅन केलं होतं, तर सात जणांच्या डोळ्यांतली चमक यंत्राने झाडून नेली. सातही जण आंधळे. तेव्हापासून मालक या कामात नाक खुपसत नाही. प्रत्येक ओरखडा, प्रत्येक ठिपका हातानेच काढायचा. शेजारची चांगली त्वचा उचलायची, बिघडलेल्या जागेवर लावायची, कडा मिसळायच्या. हे करताना परक्या माणसांचे चेहरे तिला इतके पाठ होतात की रस्त्यात भेटले तर ती नाकावरून ओळखेल. भेटत मात्र कोणी नाही, बहुतेक सगळे गेलेलेच असतात. जिवंत माणसाच्या तोंडाकडे इतका वेळ बघायची सोयच नाही. तो लगेच विचारतो, काय झालं?

हे पाकीट मात्र गिऱ्हाइकाचं नव्हतं. दादाने पाठवलं होतं. दादा म्हणजे तिचा सहा वर्षांनी मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात असतो, पंख्याच्या आणि पंपाच्या मोटारी वाइंडिंग करून देण्यात त्याचा जन्म गेला. आता दुकान बंद केलंय. वर्षातून दोनदा फोन होतो. त्यात तब्येत, हवा, वहिनीचे गुडघे, आणि मग दोघंही गप्प बसून कोण आधी "बरं, ठेवू?" म्हणतंय याची वाट बघतात. पाकिटात छोटी चिठ्ठी होती. "डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता नीट दिसतं. आईचा फोटो मोठा काढून पाठव." आत आणखी एक पाकीट, पिवळं पडलेलं, त्यावर वडिलांचं, अण्णांचं अक्षर. "खराब, पण ठेवणे." अण्णा फोटोग्राफर होते. गावभर लोकांच्या आयांचे फोटो काढले, त्या सुंदर दिसाव्यात म्हणून पेन्सिलीला टोक करकरून निगेटिव्हवर गाल भरले. स्वतःच्या बायकोचा नीट असा एकच फोटो काढला, तोही ती आजारी पडल्यावर. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. तीन महिन्यांनी आई गेली. आणि त्या एका फोटोवर, फिल्म ओली असताना, कोणाचं तरी बोट उमटलं.

कोणाचं, हे घरात कधीच कोडं नव्हतं. दादाचं. तेरा वर्षांचा दादा डार्करूममध्ये अण्णांच्या हाताखाली असे, फिल्म धुवायचा, चिमट्याला लावून दोरीवर वाळत टाकायचा. त्या दिवशीही त्यानेच टाकली होती. संध्याकाळी अण्णांनी फिल्म उतरवली, खिडकीशी नेऊन उजेडात धरली, बराच वेळ धरली. मग वळून विचारलं, "हात कोणी लावला?" दादा म्हणाला, "लागला असेल." अण्णा म्हणाले, "हात आहेत का पाय?" एवढंच. मारलं नाही, ओरडले नाहीत. ओरडले असते तर दुसऱ्या दिवशी विसरले असते. त्यांनी डार्करूमच्या दाराची किल्ली दादाच्या खिशातून काढून घेतली आणि ती पुन्हा कधीच त्याला मिळाली नाही. ती सात वर्षांची होती, दारात उभी होती. हे सगळं तिला लख्ख आठवतं. त्याच्या आधीचं मात्र कसं आठवतं ते तिला सांगता येणार नाही. बाटल्यांचा लाकडी खोका दोरीखाली ओढलेला. त्यावर चढलेले आपले अनवाणी पाय. दोरीवर लटकणारी काळी, चमकदार, ओली आई, उलट्या रंगांची, पांढऱ्या केसांची, आणि टोकाला लोंबणारा एक थेंब. तो थेंब टिपायला बोट पुढे केलं होतं का? की हे तिने मागाहून रचलं? आठवणीही तशाच असतात. एखादी जागा कोरी असली की शेजारचं उचलून आपण तिथे लावतो, कडा मिसळतो, आणि पुढे आपल्यालाच ओळखू येत नाही. निदान आजवर तिने स्वतःला असंच समजावलं होतं.

चहा आला. मालकच घेऊन आला. पडद्याकडे बघून म्हणाला, "हे काय, कोणी बोट घातलं?" ती म्हणाली, "घरचं आहे." "घरचं काम नेहमी असंच," असं म्हणून तो गेला. मग तिने धीर करून उजवा हात वर काढला, तर्जनी पडद्याशेजारी धरली आणि बघितलं. तिच्या पेरावरचा वण डावीकडून वर सुरू होऊन उजवीकडे उतरत होता. पडद्यावरची रेघ उजवीकडून सुरू होऊन डावीकडे उतरत होती. उलटी! हा ठसा आपला नव्हेच! तिला इतकं हलकं वाटलं की चहात बिस्किट पडून विरघळलं तरी तिने ते चमच्याने काढून खाल्लं. मोठ्याने हसलीसुद्धा. पन्नाशी उलटून गेलेली बाई, एका डागाला पाहून घाबरते काय आणि हसते काय. दादाचंच बोट. बिचारा दादा. बिचारा म्हणताना किती सोपं गेलं, हेही तिला जाणवलं. मग कामाला लागावं म्हणून तिने चित्र लहान केलं, अख्खी आई पडद्यावर आणली. खिडकीशी खुर्चीत बसलेली आई, खांदे थोडे पडलेले, मांडीवर हात, मनगटावर घड्याळ. उजव्या मनगटावर. आई घड्याळ डाव्या हातात बांधायची. उजव्या हाताने ती लिहायची, ढवळायची, हिची वेणी घालायची आणि घड्याळ केसांत अडकतं म्हणून ते डावीकडे. म्हणजे फिल्म उलटी ठेवली गेली होती. काठाने गुंडाळली जात होती म्हणून तिने घाईत पालथी ठेवून दाबली होती. नवशिक्याची चूक, आणि एकोणीस वर्षांनी तिने केली. चित्र आडवं उलटवायला एक कळ लागते. कळीवर बोट ठेवून ती किती वेळ बसली ते मालकाला विचारलं तर तो सांगू शकला नसता. चहावर साय धरली होती हे मात्र खरं. मग तिने कळ दाबली. घड्याळ डाव्या हातावर गेलं, आई सरळ झाली, आणि रेघ डावीकडून वर सुरू होऊन उजवीकडे उतरू लागली.

त्या संध्याकाळी ती चालत घरी गेली. रस्ता रोजचाच, औषधांचं दुकान, चावीवाला, शाळेची लांब भिंत, जिन्याच्या बावीस पायऱ्या, पण सगळं कोणीतरी जागेवरून जरासं सरकवल्यासारखं. तिला वाटलं, माझं हे सगळं त्या बोटावर उभं आहे. डार्करूमची किल्ली दादाकडून गेली म्हणून ती माझ्याकडे आली. दहाव्या वर्षी अण्णांनी मला स्टुलावर बसवून पेन्सिल हातात दिली. पहिला चेहरा भरला तेव्हा निगेटिव्ह उजेडात धरून म्हणाले, "बोट ठेवायला जागा नाही." शेजाऱ्यांना सांगत सुटले, पोरीचा हात बघा. दादा तेव्हा मोटारींच्या दुकानात तांब्याच्या तारा गुंडाळायला जाऊ लागला होता. जेवताना अण्णा माझ्याशी उजेडाबद्दल बोलायचे आणि दादाला म्हणायचे, मीठ दे. दादा मीठ द्यायचा. पुढे तो घर सोडून गेला तेव्हा भांडणसुद्धा झालं नाही, भांडायला निदान दोघांना एकमेकांकडे बघावं लागतं. मी राहिले. अण्णांचे हात थरथरू लागले, डोळे गेले, मी त्यांना आंघोळ घातली, शेवटपर्यंत केलं. लोक म्हणाले, मुलगी असावी तर अशी. आणि अण्णा गेल्यावर मी म्हटलं, दादा, तुला काय हवं ते ने. त्याने कॅमेरे नेले नाहीत, घड्याळ नेलं नाही, ते एक पिवळं पाकीट मागून घेतलं. तेव्हा मला वाटलं होतं, राग घेऊन चालला. मनात मी त्याला हलकटसुद्धा म्हटलं होतं. दार उघडून तिने दिवा लावला, एका माणसाचं जेवण गरम केलं आणि जेवता जेवता तिला रडू आलं, चांगलं हमसून. अण्णांसाठी नव्हे, आईसाठीही नव्हे. जेवताना दादाला मीठ मागितलं जायचं त्यासाठी.

पुढचे दोन दिवस तिने ठसा काढला. यात लबाडी किती आणि सवय किती हे तिचं तिलाही कळत नव्हतं. समोर डाग आला की हात चालतोच. चिठ्ठीत दादाने मोठा करून पाठव एवढंच लिहिलं होतं, स्वच्छ करून असं नव्हतं. पण हे तिच्या ध्यानातच आलं नाही, धंद्यातल्या कोणाच्याही आलं नसतं. तिने आईच्या दुसऱ्या गालावरून त्वचा उचलली. डोळ्याच्या कोपऱ्याला खाली काही शिल्लकच नव्हतं, फिल्मवरचा तिथला ओला लेपच बोटाबरोबर सरकून गेला होता, म्हणून दुसऱ्या डोळ्याचा कोपरा उलटा करून बसवला. ओठाचं टोक तिने अंदाजाने काढलं, आणि काढून झाल्यावर बघते तो ते तिच्या स्वतःच्या ओठासारखं झालेलं. तेवढं चालतं, मुलगीच आहे, असं म्हणून तिने ते तसंच ठेवलं. काम करताना मनात वकिली चालूच होती. सांगून काय होणार? त्याचं वय परत येणार आहे का? अण्णा उठून किल्ली देणार आहेत का? आणि लगेच दुसरी बाजू, मग घाबरतेस कशाला? सांग की. दुसऱ्या दिवशी दुपारी गाल स्वच्छ झाला. आईचा चेहरा पहिल्यांदाच अख्खा दिसला, थकलेला, काहीतरी सांगता सांगता थांबल्यासारखा. ती बघत राहिली आणि तिने ठरवलं, हा फोटो आधी दादाला फोनवर पाठवायचा, आणि तो खूश झाला की त्याच दमात सांगून टाकायचं. दादा, तो हात माझा होता. आठ-नऊ अक्षरं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती तोंडात धरून बसायला काय सोनं आहे का त्यांच्यात?

तिने फोटो पाठवला आणि तासाभराने, मालक जेवायला गेल्यावर, फोन लावला.

"बघितलास का?"

"बघितला गं." दादाचा आवाज ओला होता. "बघतच बसलोय. तुझी वहिनी म्हणते, आता जेवा, ती काही पळून जात नाही. आई इतकी लहान होती, बारके? मला वाटायचं मोठी बाई होती. ही तर आपल्या सुनेच्या वयाची दिसते."

"चौतीसची होती."

"चौतीस." तो स्वतःशीच पुटपुटला. तिने श्वास घेतला. दादा, म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "पण मी कुठे गेलो?"

"तू?"

"माझं बोट गं. ते पुसलंस वाटतं?"

"डाग होता, दादा. साफ केला."

"हां, तुझं कामच आहे ते. छान केलंयस, ओळखू येत नाही. पण मला तो हवा होता." तो लाजल्यासारखा हसला. "आता हसशील तू. पोरांना, नातवंडांना मी ती फिल्म खिडकीत धरून दाखवायचो. ही माझी आई आणि हा मी. पोरं म्हणायची, कुठे? मी म्हणायचो, हा काय, गालावर. आईबरोबरचा माझा दुसरा एक फोटो नाही. हा काढला तेव्हासुद्धा मी बाहेर होतो. उजेड पुरत नव्हता म्हणून अण्णांनी मला पांढरी चादर धरून खिडकीबाहेर उभं केलं होतं. तिच्या तोंडावरचा उजेड माझा आहे, पण तो कोणाला दिसतो? बोट दिसतं."

"अण्णा तुला..."

"अण्णांचं काय घेऊन बसलीस. तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. बरीच वर्षं वाटलं. मी बिघडवला, माझ्या हातून गेला. मग तार गुंडाळत बसलो असताना एक दिवस डोक्यात आलं, मी आईला शेवटचा हात कधी लावला ते मला काही केल्या आठवत नाही. ती दवाखान्यात गेली तेव्हा मी शाळेत होतो. म्हटलं, बरं झालं की मग. निदान इथे तरी लावलाय. पुराव्यानिशी." तो पुन्हा हसला. "म्हणून तर अण्णा गेल्यावर तेवढंच मागितलं तुझ्याकडे. तुला वाटलं असेल, याच्या डोक्यात अजून तेच आहे."

"नाही," ती म्हणाली. "तसं नाही वाटलं."

"परत येईल का ते? का पुसलं म्हणजे गेलं?"

"येतं. पुसलेलं सगळं खाली असतंच."

"मग राहू दे. आणि मोठा काढ. आता मला दिसतं, बारके, बोटाच्या रेषासुद्धा मोजता येतील बघ. आधी फिल्मवर नुसता ढग दिसायचा."

ती खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत होती. शब्द अजून जिभेवर होते. म्हटले असते तर तिचं ओझं उतरलं असतं, आणि खिडकीत फिल्म धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या हातात काहीच उरलं नसतं. एकदा गप्प बसून तिने त्याची किल्ली घेतली होती. आता बोलून हेही घ्यायचं?

"ठेवते," ती म्हणाली. "तुझाच आहे तो, दादा."

"बरं, ठेवू?" तो म्हणाला, पण या वेळी लगेच ठेवला नाही. वहिनीच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं, मग तुझे डोळे तपासून घे म्हणाला, पडद्यासमोर बसून बसून जातात. ती हो म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती पडद्यासमोर येऊन बसली. दोन दिवसांचं काम मूळ चित्रावरच्या एका वेगळ्या थरात होतं. त्या थरासमोरच्या छोट्या डोळ्याच्या खुणेवर तिने टिचकी मारली, थर दिसेनासा झाला आणि ठसा आईच्या गालावर परत आला, जसाच्या तसा, मधल्या तिरक्या रेघेसकट. आईबरोबरचा एक फोटो तिच्याकडेही नव्हता. याचा विचार तिने आजवर केला नव्हता आणि आता केला तो चुकीच्या वेळी. तिने पडद्याला कधी हात लावला नव्हता, धंद्यात तो कोणी लावत नाही. तिने तर्जनी उचलली आणि त्या गालावर टेकवली. काच जरा कोमट होती. बोट आता खूप मोठं होतं, ठशावर बसत नव्हतं, नुसतं झाकत होतं. थोडा वेळ तिने ते तसंच ठेवलं. मग फडक्याने काच पुसली, नवा थर उघडला आणि चित्र आठशे टक्के केलं.

सगळ्यात बारीक ब्रश घेऊन तिने रेघेच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली. तुटलेल्या एका ओळीचं डावं टोक पकडायचं, उजवं टोक शोधायचं, शेजारच्या ओळीचा तुकडा उचलून मधली जागा भरायची, वळण जुळवायचं. मग पुढची ओळ. अशा बावीस ओळी होत्या. काही ठिकाणी टोकं जुळेनात, तेव्हा तिने तेरा वर्षांच्या मुलाचं, पुढे तारा गुंडाळणारं, कुठेही न कापलेलं बोट डोळ्यांसमोर आणलं आणि त्याप्रमाणे ओळ वळवली. मालक जेवून आला, तिच्या खांद्यावरून बघू लागला.

"ताई, तुम्ही डाग काढताय का डाग काढताय?" तो म्हणाला. "अहो, तो पुसायचा सोडून त्याला नटवताय कशाला?"

"गिऱ्हाइकाला असाच हवाय."

"कमाल आहे लोकांची," असं म्हणून तो पुढे गेला. पुढे कोणाचं तरी लहान मूल फोटोला बसायला तयार नव्हतं, त्याला हसवायचं होतं.

शेवटच्या दोन ओळी सगळ्यात नाजूक, ओठाच्या अगदी टोकाशी. त्या जुळवून तिने चित्र लहान केलं, पुन्हा मोठं केलं, नाक पडद्याला लागेल इतकं जवळ जाऊन बघितलं. तिथे आता काहीच कापलेलं नव्हतं. साडेपाचला ठसा दादाचा झाला.